तुलसी तांती यांच्या कारकिर्दीचे मोजमाप कशाने करावे?

घाटमाथा

सुझलॉन एनर्जी या पवनऊर्जा कंपनीचे संस्थापक तुलसी तांती यांचे १ ऑक्टोबर २०२२ रोजी हृदयविकाराने निधन झाले. त्यांचे वय ६४ होते आणि कंपनीची १२०० कोटी रुपयांची हक्कभाग विक्री (म्हणजे असलेल्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ करणे) अवघ्या दहा दिवसांवर आली होती. त्या वेळी प्रसिद्ध झालेले मृत्युलेख मी अलीकडे पुन्हा वाचले. निम्म्या लेखांत ते ‘भारताचे पवनपुरुष’ होते, तर उरलेल्या निम्म्यांत कर्जाच्या डोंगराखाली कंपनी गाडणारे उद्योजक. एकाच माणसाविषयी एवढी टोकाची दोन मते का असावीत, हा माझा प्रश्न आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. १९५८ साली राजकोट येथे जन्म, वाणिज्य शाखेची पदवी आणि यंत्र अभियांत्रिकीची पदविका, त्यानंतर सुरतेत कापडाचा व्यवसाय. विजेचे बिल नफा खाऊन टाकत होते आणि वीज बेभरवशाची होती, म्हणून त्यांनी स्वतःच्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या. पुढे कापड मागे पडले आणि १९९५ मध्ये भावांसह त्यांनी सुझलॉन काढली. मुख्यालय पुण्यात आले. २००५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, २००६ व २००७ मध्ये तिने युरोपातील दोन मोठ्या कंपन्या विकत घेतल्या, २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार तांतींना मिळाला आणि २०१२ मध्ये कंपनीने परदेशी रोख्यांची परतफेड चुकवली.

माझे मत आधीच मांडतो, म्हणजे वाद घालणे सोपे जाईल. तांतींनी यंत्रापेक्षा निश्चिंती विकली. त्यांच्या आधी पवनचक्की घेणाऱ्या कारखानदाराला जागा शोधणे, वाऱ्याची मोजणी करणे, परवानग्या काढणे, उच्चदाब वाहिनी ओढणे आणि बिघाड झाल्यावर परदेशातून सुटा भाग मागवणे ही सगळी कामे स्वतः निस्तरावी लागत. सुझलॉनने हे सारे एका करारात आणले: तुम्ही धनादेश द्या, वीज विकून आलेले पैसे तुमच्या खात्यात जमा होतील, पुढची वीस वर्षे देखभाल आमची. साताऱ्याच्या वनकुसवड्यापासून धुळ्याच्या ब्राह्मणवेलपर्यंतची पठारे याच पद्धतीने भरली.

हिशेबनीस

घाटमाथा यांचे वर्णन योग्य आहे, परंतु निश्चिंतीची किंमत कोण मोजत होते, हे त्यात आलेले नाही. मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे आणि त्या काळात अनेक अशिलांच्या पवनचक्क्यांचे हिशेब पाहत होतो.

पवनचक्कीवर आधी शंभर टक्के व पुढे ऐंशी टक्के वेगवर्धित घसारा मिळत असे. एक कोटी रुपये गुंतवले तर पहिल्याच वर्षी ऐंशी लाख रुपये नफ्यातून वजा करता येत, आणि कराचा दर तेव्हा पस्तीस टक्क्यांच्या आसपास असल्याने सुमारे अठ्ठावीस लाखांचा कर वाचत असे. त्यातही एक मेख होती. मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर घसारा निम्माच मिळतो. त्यामुळे सप्टेंबर संपण्याआधी चक्की सुरू झाल्याचे प्रमाणपत्र हवे असे, आणि ते जमले नाही तर निदान ३१ मार्चपूर्वी. या दोन तारखांच्या अलीकडच्या आठवड्यांत क्रेन मिळणे दुरापास्त होई. वारा पावसाळ्यात वाहतो, पण मागणी आर्थिक वर्षाच्या अखेरीस वाहत असे.

यात बेकायदा काहीच नव्हते, कारण सरकारला खासगी भांडवल या क्षेत्रात आणायचे होते आणि ते आले. मात्र चक्की किती युनिट देते यापेक्षा ती कोणत्या तारखेला सुरू होते, याला ग्राहक अधिक महत्त्व देत होता. तांतींनी हा ग्राहक अचूक ओळखला, इतकेच माझे म्हणणे आहे.

शंकासुर

म्हणजे वाऱ्यावर नव्हे, प्राप्तिकरावर चालणारी चक्की!

गिअरबॉक्स

शंकासुर, विनोद चांगला आहे, पण तो अर्धाच खरा आहे. घसारा पहिल्या एकदोन वर्षांत संपतो आणि चक्की त्यानंतर अठरा वर्षे उभी असते. मी साताऱ्याच्या पठारावर एका देखभाल कंत्राटदाराकडे तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. मालकाने कर वाचवण्यासाठी चक्की घेतली असली तरी त्याला दरमहा युनिटचा आकडा पाहायचाच असे, आणि तो कमी आला की पहिला फोन आम्हाला येई.

मनोऱ्याच्या आतल्या शिडीने, कमरेचा पट्टा दोरीला अडकवून वर चढायचे, झाकण उचलून माथ्यावरच्या पेटीत शिरायचे, आणि सर्वप्रथम गिअरबॉक्समधील तेलाचा नमुना बाटलीत घ्यायचा. बाटली उजेडात धरली की तेलात धातूची चकाकी आहे की नाही ते दिसते. चकाकी दिसली म्हणजे आतले दाते किंवा बेअरिंग झिजू लागले आहेत. पाती मिनिटाला पंधरा-सोळा फेरे घेतात आणि जनित्राला सुमारे दीड हजार फेरे लागतात. ही सगळी वाढ गिअरबॉक्सला करावी लागते. म्हणून सगळा ताण त्याच्यावर येतो, आणि तो बदलायचा म्हणजे मोठी क्रेन घाटरस्त्याने वर आणावी लागते. जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे नेमकी सर्वाधिक वीज तयार होण्याच्या दिवसांत, पाऊस, धुके आणि वाऱ्यामुळे असे काम जवळपास अशक्य असते.

हे सांगण्याचे कारण असे की, २००६ मध्ये सुझलॉनने बेल्जियमची हॅन्सन ट्रान्समिशन्स ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी ४६.५ कोटी युरोला घेतली तेव्हा अनेकांनी त्याला हौस म्हटले. त्या वर्षांत जगभर पवनचक्क्यांची मागणी वाढली होती आणि गिअरबॉक्स वेळेवर मिळत नव्हते. पठारावरच्या माणसाला ती खरेदी मुळीच हौस वाटली नाही.

घाटमाथा

गिअरबॉक्स, उत्तम माहिती. हिशेबनीस यांच्या मुद्द्यालाही यातून उत्तर मिळते असे मला वाटते. सुझलॉनला सुरुवातीचे तंत्रज्ञान देणारी सुडविंड ही जर्मन कंपनी १९९७ मध्ये दिवाळखोरीत गेली. केवळ करबचतीची योजना विकणाऱ्या माणसाने त्या क्षणी दुसरा परदेशी पुरवठादार शोधला असता. तांतींनी त्या कंपनीतील अभियंते आपल्याकडे घेतले आणि जर्मनीतच संशोधन केंद्र उभे केले. पात्यांच्या आरेखनाचे काम नेदरलँड्समध्ये चालत असे. वारा, जागा आणि मजूर भारताचे, आरेखन युरोपचे, अशी ही रचना होती. ३५० किलोवॉटपासून १२५०, १५०० आणि २१०० किलोवॉटपर्यंतची यंत्रे काही वर्षांतच आली.

डोंबिवली फास्ट लोकल

मला तांत्रिक बाबींतले फारसे कळत नाही. मी सप्टेंबर २००५ मधील समभाग विक्रीत अर्ज केलेला एक सामान्य गुंतवणूकदार आहे. दर ५१० रुपये होता. जानेवारी २००८ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच भाग झाले, म्हणजे मूळ किंमत १०२ रुपये पडली. मार्च २०२० मध्ये तोच शेअर दोन रुपयांच्या खाली गेला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सुझलॉनचे पुनरागमन’ अशा बातम्या झळकल्या, तेव्हा भाव ८० च्या पुढे होता; म्हणजे एकोणीस वर्षांनंतरही माझे मुद्दल परत आलेले नव्हते. पवनपुरुष वगैरे सगळे मान्य, पण माझ्या डीमॅट खात्यात वाऱ्याने फक्त पालापाचोळा आणला.

शंकासुर

डोंबिवलीकर, तुम्ही २००८ च्या जानेवारीत विकायला हवे होते, असे सांगणारे शंभर जण आता येतील. मी पहिला.

एल्बकाठ

मी हॅम्बुर्ग येथे राहतो. सुझलॉनने घेतलेली दुसरी कंपनी, रिपॉवर सिस्टिम्स, याच शहरातली. हे प्रकरण थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे, कारण माझ्या मते तांतींच्या कारकिर्दीची कलाटणी इथे आहे, २०१२ मध्ये नाही.

२००७ च्या सुरुवातीला फ्रान्सच्या अरेव्हा या अणुऊर्जा कंपनीने रिपॉवरसाठी प्रतिशेअर १०५ युरोचा प्रस्ताव दिला. अरेव्हाकडे तिचे सुमारे तीस टक्के शेअर आधीपासूनच होते, त्यामुळे सगळ्यांना सौदा झाल्यातच जमा वाटला. सुझलॉनने १२६ युरो पुकारले. अरेव्हा १४० वर गेली. सुझलॉन १५० वर. अखेर मे महिन्यात अरेव्हाने माघार घेतली. भारतातील मध्यमवर्गाला त्या वर्षी टाटा स्टीलने कोरस घेतल्याचा जो अभिमान वाटत होता, त्याच लाटेत ही बातमीही आली. टाइम मासिकाने त्याच वर्षी पर्यावरणाच्या नायकांच्या यादीत तांतींचे नाव घेतले.

रिपॉवरकडे खरोखर मौल्यवान काय होते? पाच मेगावॉटचे यंत्र, जे खोल समुद्रात उभे करता येत होते. स्कॉटलंडजवळच्या बिआट्रिस तेलक्षेत्राशेजारी त्याची दोन यंत्रे त्याच सुमारास उभी राहिली होती. सुझलॉनला एका उडीत ते तंत्रज्ञान हवे होते. परंतु जर्मन कंपनी कायद्यात अल्पसंख्य भागधारकांना भक्कम संरक्षण आहे. बहुसंख्य शेअर हातात असले तरी, इतर भागधारक असेपर्यंत मालकाला कंपनीची रोकड किंवा तिचे तंत्रज्ञान स्वतःच्या दुसऱ्या कंपनीकडे वळवता येत नाही. त्यासाठी पोर्तुगालच्या मार्टिफरचा आणि अरेव्हाचा हिस्सा घ्यावा लागला आणि उरलेल्या किरकोळ भागधारकांनाही बाहेर काढावे लागले. हे सगळे २०११ मध्ये पूर्ण झाले. चार वर्षे घर आपल्या नावावर होते, पण तिजोरीची किल्ली भाडेकरूकडे होती. दरम्यान २००८ चे जागतिक संकट येऊन गेले, युरोप-अमेरिकेतील मागणी आटली आणि घेतलेल्या कर्जावरचे व्याज मात्र चालू राहिले.

हॅन्सनचे काय झाले, तेही पाहा. २००७ च्या अखेरीस ती लंडनच्या बाजारात नोंदवली गेली आणि सुझलॉनने आपला हिस्सा २००९ पासून विकायला काढला. २०११ पर्यंत तो पूर्ण विकला गेला. गिअरबॉक्स यांनी सांगितलेली ती तर्कशुद्ध खरेदी, रिपॉवरचे कर्ज फेडण्यासाठी विकावी लागली.

हिशेबनीस

एल्बकाठ यांचा प्रतिसाद अत्यंत मोलाचा आहे. त्याला परिवर्तनीय रोख्यांची जोड देतो, कारण डोंबिवलीकरांचे नुकसान तिथून सुरू झाले.

कंपनीने परदेशात डॉलरमध्ये रोखे विकले. अट अशी की मुदतीअखेर शेअरचा भाव ठरलेल्या दरापेक्षा वर असेल तर रोखेधारक शेअर घेतील आणि कंपनीला पैसे परत करावे लागणार नाहीत. भाव खाली असेल तर मुद्दल आणि अधिमूल्य डॉलरमध्ये चुकते करायचे. २००७ मध्ये शेअर चढत होता आणि डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे हे जवळजवळ फुकटचे भांडवल वाटत होते. अनेक भारतीय कंपन्यांनी त्या वर्षी हेच केले. ऑक्टोबर २०१२ मध्ये हिशेब मागण्याची वेळ आली तेव्हा शेअर वीस रुपयांखाली आणि डॉलर बावन्न रुपयांच्या पुढे होता. सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरचे मुद्दल चुकते करता आले नाही. परिवर्तनीय रोख्यांच्या बाबतीत भारतीय कंपनीने केलेली ती तोवरची सर्वांत मोठी कसूर होती. जानेवारी २०१३ मध्ये बँकांनी सुमारे ९५०० कोटींच्या कर्जाची पुनर्रचना मान्य केली.

गिअरबॉक्स

पैशांची चर्चा चालू आहे, पण पात्यांचा विषय निघालेला नाही याचे आश्चर्य वाटते. २००८ मध्ये अमेरिकेत सुझलॉनच्या २१०० किलोवॉट यंत्रांच्या पात्यांना तडे गेले. एडिसन मिशन एनर्जी या ग्राहकाने पुढच्या १५० यंत्रांची मागणी रद्द केली. कंपनीला १२५१ पाती मजबूत करून द्यावी लागली. एकेक पाते सुमारे चव्वेचाळीस मीटर लांब असते. ते खाली उतरवायचे, तंतुकाचेचे (फायबरग्लासचे) जादा थर चढवायचे आणि पुन्हा वर बसवायचे. खर्चापेक्षा मोठे नुकसान नावाचे झाले. मिनेसोटातील पाइपस्टोन येथे २००६ मध्ये उघडलेला त्यांचा पात्यांचा कारखाना पुढे बंद पडला.

या उद्योगात नवे यंत्र बाजारात आणण्यापूर्वी ते काही वर्षे वेगवेगळ्या वाऱ्यांत फिरू द्यावे लागते. मागणीचा रेटा असताना ही उसंत कोणी घेत नाही. एल्बकाठ यांना कलाटणी रिपॉवरमध्ये दिसते, मला ती या तड्यांमध्ये दिसते. यंत्राबद्दल शंका नसती तर कर्जाला बँकांनी जरा अधिक वेळ दिला असता.

एल्बकाठ

गिअरबॉक्स, मान्य आहे, पण अंशतः. तडे दुरुस्त झाले. कर्ज दुरुस्त झाले नाही. रिपॉवरचे नाव पुढे सेन्व्हिऑन झाले आणि २०१५ च्या जानेवारीत ती एका अमेरिकी गुंतवणूक संस्थेला एक अब्ज युरोला विकण्याचा करार झाला. म्हणजे जिच्यासाठी एवढे कर्ज घेतले, ती कंपनी खरेदीपेक्षा कमी किमतीला, कर्ज फेडण्यासाठीच विकली गेली. आणि तिचे नशीब असे की एप्रिल २०१९ मध्ये तिने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. तांतींनी ती ठेवली असती तरी ती वाचली असती, असे इथल्या जाणकारांना वाटत नाही.

खान्देशी माणूस

मी साक्री तालुक्यातला आहे. आपण सगळे युरो, डॉलर आणि शेअर यांविषयी लिहीत आहात, म्हणून जमिनीवरची बाजू मांडतो.

आमच्या भागात पवनचक्क्या आल्या तेव्हा कंपनीचा माणूस शेतकऱ्याच्या दारात आला नाही, दलाल आला. माळरानाचा भाव त्याने ठरवला. डोंगरावरची जमीन निरुपयोगी आहे, असे तोच सांगे आणि लोकांना ते पटे, कारण पावसाळ्यात गुरे चारण्यापलीकडे तिचा उपयोग कोणी केला नव्हता. माझ्या वडिलांनी विकलेल्या तुकड्याच्या कडेने पुढे रस्ता झाला आणि त्या रस्त्याने पाती घेऊन येणाऱ्या लांबलचक गाड्या वळाव्यात म्हणून बांध फोडला गेला. त्याची भरपाई कोणत्या कंपनीने द्यायची, हे आम्हाला अखेरपर्यंत समजले नाही, कारण जमीन एकाच्या नावावर, चक्की दुसऱ्याच्या मालकीची आणि देखभाल तिसऱ्याकडे अशी व्यवस्था होती. मी कोणत्याही कंपनीचे नाव घेत नाही. गावातल्या पोरांना सुरक्षारक्षकाची नोकरी मिळाली, हेही नमूद करतो.

घाटमाथा म्हणतात ती निश्चिंती मुंबई-पुण्याच्या मालकाला मिळाली. आमच्याकडची चिंता कोणी विकत घेतली नाही.

घाटमाथा

खान्देशी माणूस, आपला प्रतिसाद वाचून मूळ लेखातील माझे वाक्य मला अपुरे वाटू लागले आहे. तरीही एक विचारतो. जमिनीची खरेदी, वनजमिनीची परवानगी, रस्त्याची रुंदी यांवर देखरेख ठेवणे हे शासनाचे काम नव्हते का? एका उद्योजकाच्या खात्यात हे सगळे टाकणे न्याय्य आहे का?

खान्देशी माणूस

शासनाचे काम होतेच. पण जागेपासून वाहिनीपर्यंत सगळे आम्ही करून देऊ, हा ज्या पद्धतीचा गाभा होता, तिचे श्रेय घ्यायचे असेल तर जागा कशी मिळाली याचा जाबही तिथेच मागावा लागेल.

कुतूहल

वाचनमात्र होते, पण आता विचारतेच. वनकुसवडे आणि साक्रीसारख्या ठिकाणी एवढ्या चक्क्या का? आमच्या गावी, नगर रस्त्यालाही, वारा भरपूर असतो.

गिअरबॉक्स

ताई, वारा भरपूर ‘वाटणे’ आणि भरपूर असणे यांत फरक आहे. मिळणारी ऊर्जा वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला सहा मीटर ऐवजी सात मीटर वारा असेल तर वेग सतरा टक्के वाढतो, पण ऊर्जा एकोणसाठ टक्के. म्हणून जागा निवडण्यापूर्वी मोजणीचा खांब उभारून वर्षभर नोंद ठेवतात. पश्चिम घाटाच्या कड्यावरून वर येणारा मोसमी वारा पठारावर दाबला जाऊन वेग घेतो, तो लाभ सपाट प्रदेशाला मिळत नाही.

हिशेबनीस

कुतूहल यांच्यासाठी रुपयांतले उदाहरण देतो. १२५० किलोवॉटची चक्की वर्षभरात तिच्या क्षमतेच्या वीस टक्के चालली, तर सुमारे बावीस लाख युनिट मिळतात. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ च्या आदेशात नव्या प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि पुढे तेरा वर्षे दरवर्षी पंधरा पैशांची वाढ असा दर ठरवला. म्हणजे पहिल्या वर्षीचे उत्पन्न सत्याहत्तर लाखांच्या घरात. तेरा वर्षांची हमी होती, म्हणून बँका कर्ज देत होत्या. ही हमी नसती तर सातारा-सांगली-धुळ्यात तांतींचे कौशल्य फारसे कामाला आले नसते. करार संपल्यावर नवा दर बराच खाली आला आणि अनेक लहान मालकांची गणिते तिथेच फिसकटली.

आणि धोरण फिरले की काय होते, त्याचाही पुरावा आहे. वेगवर्धित घसारा आणि युनिटमागे पन्नास पैशांचे उत्पादन प्रोत्साहन या दोन्ही सवलती मार्च २०१२ अखेर बंद झाल्या. देशात त्या वर्षी सुमारे ३२०० मेगावॉट पवनऊर्जा उभी राहिली होती, पुढच्या वर्षी सुमारे १७००. रोख्यांची परतफेड करायची होती त्याच वर्षी घरची बाजारपेठ निम्म्यावर आली. एल्बकाठ आणि गिअरबॉक्स यांच्या दोन कलाटण्यांत ही तिसरी जोडतो.

शंकासुर

तीन कलाटण्या झाल्या. आणखी एक आली की चक्कीचा एक फेरा पूर्ण होईल.

मृदगंध

चौथी नव्हे, पण एक वेगळी बाजू. कंपनीची शेअरची किंमत आणि कर्ज यांबरोबर तिथून बाहेर पडलेली माणसेही मोजावीत. सुमंत सिन्हा हे सुझलॉनमध्ये मुख्य परिचालन अधिकारी होते. तिथून बाहेर पडून त्यांनी २०११ मध्ये रिन्यू पॉवर स्थापन केली, जी आज देशातील मोठ्या अक्षय ऊर्जा कंपन्यांपैकी एक आहे. त्यांनी यंत्रे बनवण्याऐवजी वीज विकण्याचा व्यवसाय निवडला, यातही सुझलॉनच्या अनुभवाचा धडा असावा, असा माझा तर्क आहे. मधल्या फळीतील जागा-मोजणी करणारे, वीजवाहिनीचे, देखभालीचे शेकडो अभियंते इतर कंपन्यांत गेले. पुण्यात पवनऊर्जेवर काम करणाऱ्या कोणत्याही कचेरीत जा, जुने सुझलॉनवाले भेटतात.

आणि हडपसरचे ‘वन अर्थ’ संकुल. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी ते उभे केले तेव्हा पर्यावरणपूरक कचेरीचा नमुना म्हणून लोक ते पाहायला येत. कर्जाच्या काळात त्या वास्तूवर उधळपट्टी म्हणून टीकाही झाली. २०२४ मध्ये कंपनीने ते ४४० कोटींना विकून तिथेच भाड्याने राहणे पसंत केले.

डोंबिवली फास्ट लोकल

मृदगंध, भाड्याने राहण्याची वेळ भागधारकांवर आधीच आली होती. पण गंमत सोडून विचारतो, २०१२ नंतरही तांतींनी कंपनी सोडली का नाही? एवढी मोठी कसूर झाल्यावर एखाद्याने बाजूला व्हायला हवे होते.

हिशेबनीस

सोडली नाही, आणि यावरून त्यांच्या स्वभावाचा अंदाज येतो. २०१५ मध्ये सन फार्माचे दिलीप संघवी यांच्या कुटुंबीयांनी १८०० कोटी रुपये गुंतवून २३ टक्के हिस्सा घेतला, तेव्हाही कारभार तांतींकडेच राहिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पवनऊर्जेचा पहिला राष्ट्रीय लिलाव झाला, म्हणजे सर्वांत कमी दराने वीज देणाऱ्याला काम, आणि युनिटचा दर ३.४६ रुपयांवर आला. त्याच वर्षअखेर गुजरातच्या लिलावात २.४३ वर. कर वाचवणारा लहान मालक या बाजारातून नाहीसा झाला आणि तांतींची मूळ विक्रीपद्धतच निकालात निघाली. जुलै २०१९ मध्ये पुन्हा सुमारे १७ कोटी २० लाख डॉलरची कसूर, २०२० मध्ये पुन्हा पुनर्रचना, आणि मग पाच रुपये दराची ती हक्कभाग विक्री. तिची तयारी त्यांनी केली आणि ती त्यांच्या पश्चात ठरल्या दिवशी सुरू झाली. अध्यक्षपद बंधू विनोद तांती यांच्याकडे आले. ऑगस्ट २०२३ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून २००० कोटी उभे राहिले आणि कर्जाचा विषय जवळपास मिटला.

माझ्या व्यवसायात अशा प्रवर्तकांना चिवट म्हणतात. कधी कौतुकाने, कधी वैतागाने.

एल्बकाठ

मूळ प्रश्नाकडे येतो. घाटमाथा, आपण विचारले की एकाच माणसाविषयी दोन टोकाची मते का. मला वाटते, दोन्ही मृत्युलेख वेगवेगळ्या तांतींविषयी आहेत. १९९५ ते २००५ या दहा वर्षांतल्या माणसाने भारतीय कारखानदाराचा स्वभाव, करकायदा आणि पठारावरचा वारा या तिन्हींचा मेळ घातला, आणि देशाच्या पवनऊर्जा बाजाराचा जवळजवळ निम्मा वाटा मिळवला. २००६ नंतरच्या माणसाला जगातील पहिल्या तिघांत बसायचे होते, आणि त्यासाठी ज्या बाजारपेठांत तो शिरला तिथले कायदे, ग्राहक आणि चलन यांपैकी काहीच त्याच्या हातातले नव्हते. पहिल्याचे यश मी पवनचक्क्यांनी मोजीन, दुसऱ्याचे अपयश डोंबिवलीकरांच्या डीमॅट खात्याने.

खान्देशी माणूस

आणि पहिल्याचे अपयश आमच्या सातबाऱ्याने.

घाटमाथा

एल्बकाठ, हे विभाजन मला आकर्षक वाटते, परंतु पूर्ण पटत नाही. सगळे आम्ही सांभाळू हा जो आत्मविश्वास पठारावर उपयोगी पडला, तोच हॅम्बुर्गमध्ये अंगलट आला. माणूस एकच होता.

यावरून आणखी एक विचारावेसे वाटते. वनकुसवड्यावरची ३५० किलोवॉटची जुनी यंत्रे आता आयुष्याच्या अखेरीस आली आहेत. तिथे वारा उत्तम आहे, आणि आज तीन मेगावॉटची यंत्रे सुझलॉनच बनवते. मग जुनी काढून नवी का बसवत नाहीत?

गिअरबॉक्स

कारण त्याच विक्रीपद्धतीत आहे. एकेका पठारावर कितीतरी मालक आहेत. कोणाकडे एक चक्की, कोणाकडे चार. आजच्या तीन मेगावॉट यंत्राच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १४४ मीटर आहे आणि दोन यंत्रांत त्याच्या कितीतरी पट अंतर ठेवावे लागते. म्हणजे एक नवे यंत्र उभे करायचे तर आजूबाजूच्या अनेक जुन्या चक्क्या, आणि त्यांचे वेगवेगळे मालक, एकाच वेळी बाजूला व्हायला हवेत. त्यातले काही मालक वारले आहेत, काही कंपन्या बंद पडल्या आहेत, काहींचे वीज खरेदी करार वेगवेगळ्या वर्षी संपतात. केंद्राने २०१६ मध्ये यासाठी धोरण आणले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते सुधारले, पण मालकांची मोट कोणी बांधायची, हा प्रश्न तसाच आहे. शिवाय घाटरस्त्यांची वळणे एवढ्या लांब पात्यांसाठी पुन्हा रुंद करावी लागतील.

हिशेबनीस

मालकांना एकत्र करून प्रत्येकाला जुन्या क्षमतेच्या प्रमाणात नव्या कंपनीचे शेअर देणे, हा एक मार्ग आहे. एका अशिलासाठी मी तसा मसुदा केला होता. तीन मालकांनी सही केली, चौथ्याने चक्कीच्या भंगाराचा भाव विचारला.

खान्देशी माणूस

रस्ते पुन्हा रुंद होणार असतील तर या वेळी जमीन विकत नव्हे, भाडेपट्ट्याने घ्यावी आणि भाडे युनिटशी जोडावे, अशी मागणी आमच्याकडच्या दोन ग्रामसभांत झाली आहे. हिशेबनीस, आपला तो मसुदा इथे द्याल का? जमीनमालकाचे कलम त्यात घालता येईल का ते पाहतो.

हिशेबनीस

अशिलाचे नाव काढून आज रात्री देतो. जमीनमालकाचे कलम त्यात नाही, ते आपणच लिहावे.